गरजूचं काय झालं?

प्रश्न कसा विचारावा, हे अख्ख्या मुरबाड-शहापूर भागात फक्त एका माणसाला कळत होतं आणि तो माणूस माझ्या मावशीचा नवरा होता. बाकी आम्ही सगळे धसईपासून शहापूरपर्यंतचे लोक नुसते ओरडणारे. हे मी आज कबूल करतेय. त्या काळात मला कुणी असं ऐकवलं असतं तर मी हसले असते. हसतच होते मी, आणि तेच सांगायला बसलेय. सांगताना मान खाली जाते, ती जाऊ दे.

काका टेलिफोन खात्यात लाइनमन होते. धसईच्या आजूबाजूच्या वाड्यापाड्यांत जेवढे फोन होते तेवढ्यांच्या तारा त्यांच्या हाताखाली. त्यांच्याकडे येणारी तक्रार बहुतेक एकाच शब्दाची असायची: बंद. एकदा ऐन श्रावणात अशी एक ‘बंद’ आली. काका चिखल तुडवत निघाले, वाटेतले अकरा खांब एकेक करून चढले, उतरले, तारा तपासल्या आणि दुपार कलताना त्या घरी पोचले. रिसीव्हर उशीखाली होता. बाळ झोपलं होतं म्हणून घरच्या बाईनं फोन काढून ठेवला आणि विसरली. वर काकांनाच म्हणाली, “हळू बोला हां, आत्ताच डोळा लागलाय त्याचा.” काका बाळ उठेपर्यंत ओटीवर बसून राहिले, मग रिसीव्हर जागेवर ठेवला आणि घरी आले. येतानाच्या वाटेवर त्यांनी आपले चार प्रश्न पक्के केले. काय करत होतात? काय व्हायला पायजे होतं? काय झालं? आणि माझ्याकडं येण्याआधी तुमी स्वतः काय करून बगितलंत? पुढचं सगळं आयुष्य हे चार प्रश्न आमच्या घराण्याच्या मागे लागले.

मावशीनं आतून हाक मारावी, “अहो, कुकर बिघडलाय,” की काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करायचे. मावशी काय ऐकून घेणारी नव्हे. “मी स्वतः काय करून बघितलं? तुम्हाला हाक मारून बघितली. चुकलंच माझं,” असं म्हणून ती शिट्टी उपटायची. शहापूरच्या एसटी स्टँडवर सगळी माणसं चौकशीच्या खिडकीत तोंड घालून “गाडी कधी?” एवढंच विचारत आणि आतला साहेब मान वर न करता “येईल” म्हणे. काका विचारत, “साडेचारची धसई, सरळगावमार्गे, काल लागली नवती, आज लागणार हाय का?” साहेबाला मान वर करावीच लागे. गंमत पुढे आहे. दुसऱ्या खेपेला आले की काका पुन्हा त्याच खिडकीत जायचे आणि सांगायचे, “त्या दिवशी तुमी सांगितलंत तशी गाडी आली. चाळीस मिनिटं उशिरा, पण आली.” साहेबाला वाटलं, हा म्हातारा टोमणे मारतोय. टोमणा नव्हता हो तो. ज्यानं उत्तर दिलं त्याला पुढं काय झालं ते सांगायला जायचं, अशी काकांची रीतच होती.

मुरबाडच्या डॉक्टरांनी एकदा तापावर तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या, तर काकांनी एकच गोळी सुरू केली. का, तर तिन्ही एकदम घेतल्या आणि बरा झालो तर कशानं बरा झालो ते कळायचं कसं? ताप नऊ दिवस रेंगाळला. दहाव्या दिवशी काका मुद्दाम डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, “पांढरी नाय, लाल नाय, पिवळी.” डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मी हा किस्सा माझ्या दुकानात इतक्यांदा साभिनय करून दाखवला होता, की काही गिऱ्हाईकं फक्त ‘पिवळी’ ऐकायला थांबायची.

माझं दुकान म्हणजे शहापूरच्या स्टँडसमोरच्या गाळ्यात तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन आणि बाहेर ‘इंटरनेट’ असा बोर्ड. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली बाजारातली मी एकटी बाई. त्याचा तोरा मला भारी होता. प्रमाणपत्र फ्रेम करून गिऱ्हाइकाच्या नेमकं डोळ्यासमोर येईल असं लावलं होतं.

काका निवृत्त झाले आणि दर मंगळवारी दुकानात यायला लागले. सरळगावला गाडी बदलून, कापडी पिशवीत माझ्यासाठी काकड्या नाहीतर घोसाळी घेऊन. तीन नंबरचं मशीन त्यांचं. तिथं त्यांना एक ईमेलचा गट सापडला होता. कॉम्प्युटरवर मराठी लिहिताना ज्यांना अडचणी येतात त्यांनी तिथं प्रश्न टाकायचा आणि ज्यांना येतंय त्यांनी सांगायचं. सगळा हौशी मामला, कुणाला कुणी एक पैसा द्यायचा नाही. त्या गटाचे नियम वाचून काका खुर्चीत ताठ बसले. विषयात ‘मदत’ लिहू नका, अडचण लिहा. स्वतः काय करून पाहिलंत ते सांगा. एकच प्रश्न चार ठिकाणी टाकू नका. काम झालं की कशानं झालं ते कळवा, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. “हे कोणी लिवलंय गो?” त्यांनी मला विचारलं. “माझ्यासारकं कोणतरी हाय म्हंजे.” इतका आनंद झालेला माणूस मी त्या दुकानात कधी पाहिला नाही. नियमांचा कागद छापून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि जवळ ठेवला.

मग काका फॉन्टचं शास्त्र शिकले, पासष्टीत, एका बोटानं. वर्षाच्या आत उत्तरंही द्यायला लागले. बोलायचे धसईचं, लिहायचे मात्र सरकारी. कुणीतरी नुसतं ‘चालत नाही’ असं दोन शब्द टाकून मोकळा व्हायचा. गटातले दुसरे लोक असल्याला झापायचे. काका लिहायचे, “सप्रेम नमस्कार. आपण ‘चालत नाही’ असे कळविलेत. वाचून वाईट वाटले. काय चालत नाही ते कळविल्यास प्रयत्न करता येईल.” आणि खाली ते चार प्रश्न. एवढं लिहायला त्यांना पाऊण तास लागायचा. सोबत एक चौकटीची लांब वही. कोण विचारतंय, अडचण काय, उपाय काय सांगितला, आणि शेवटचा रकाना: ‘चाललं का? कशाने?’ त्या शेवटच्या रकान्यासाठी हा माणूस दोन गाड्या करून यायचा. कुणाचं ‘चाललं’ असं उत्तर आलं की काका खुर्चीतून अर्धे उठून अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणायचे, “चाललं, चाललं!” रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आलेली बाई दचकायची. एकदा दुबईतल्या कुणा माणसाला आईला मराठीत पत्र छापता आलं, तर काकांनी मावशीनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू दुकानात सगळ्यांना वाटले आणि स्वतः उपाशी घरी गेले.

आणि मी त्यांच्या पाठीमागे नकला करत होते. चष्मा नाकावर ओढून, एक बोट उंच धरून, “वाचून वाईट वाटले.” गिऱ्हाईकं हसायची, मलाही चेव यायचा. त्या मंगळवारी सकाळी हेच चाललं होतं आणि नेमके काका दारात उभे. मी बोट खाली घेतलं. काका हसले, म्हणाले, “बोट वायच आणखी वर पायजे गो,” आणि तीन नंबरवर जाऊन बसले.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला किन्हवलीकडचे एक शेतकरी धापा टाकत आले. त्यांच्या धाकट्या मुलीची लग्नपत्रिका मी जुळवून दिली होती. ती कल्याणच्या छापखान्यात उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. नवरीचं नावसुद्धा चौकोन. छापखानेवाल्यानं सांगितलं होतं, तीनला मशीन लागतंय, तोवर नीट फाइल पाठवा, नाहीतर आठवडाभर नंबर नाही. लग्न बारा दिवसांवर. पत्रिका जाणार कधी आणि पाव्हणे येणार कधी! ते बाकावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “ताई, तुमी म्हनला व्हतात, डिप्लोमावाली हाय.”

मी सगळं करून पाहिलं. म्हणजे काय केलं ते विचारू नका, हाताला येईल ते दाबलं. काका आठ हातांवर दुसऱ्याच कुणाच्या अडचणीत मान घालून बसले होते, त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. नुसती हाक मारायची होती. पण सकाळची नक्कल, त्या माणसाचं ‘डिप्लोमावाली’ आणि आता सगळ्यांसमोर काकांच्या चार प्रश्नांना उत्तरं द्यायची, हे माझ्या जिवावर आलं. मी गल्ल्यापाशी बसून एक खोटं खातं उघडलं, नाव टाकलं ‘गरजू’, आणि काकांच्याच गटात लिहिलं: “अर्जंट!!! फॉन्ट दिसत नाही!! ताबडतोब सांगा!!!” तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून तेच आणखी दोन गटांत टाकून दिलं.

“आला गो एक,” काका म्हणाले. “लय घाईत दिसतोय.” मी “हो का” म्हणून कागद चाळल्यासारखं केलं. मग त्यांचं एक बोट सुरू झालं. टक. शोध. टक. मी आठ हातांवरून एकेक अक्षर ऐकत होते आणि घड्याळ बघत होते. स प्रे म न म स्का र. देवा! सोडा तो नमस्कार, असं ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडणार कुठल्या तोंडानं? पाऊण तासानं उत्तर आलं. काय करत होतात, काय व्हायला हवे होते, काय झाले, स्वतः काय करून पाहिलेत.

माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, “प्रश्न मी विचारलाय, तुम्ही नाही. येत नसेल तर तसं सांगा. रिकामटेकडे बसता कशाला इथे?”

हे मी लिहिलं. माझ्याच हातांनी, माझ्या मावशीच्या नवऱ्याला, त्यानं आणलेल्या काकड्या टेबलावर असताना. पाठवल्यावर मी मान वर केली. काकांनी ते वाचलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता उठून जाणार. पण ते मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाले, “याची कायतरी मोठी अडचण असंल गो. नायतर माणूस असं बोलत नाय.” बाकावरचे ते गृहस्थ उगाचच मान हलवून “व्हय” म्हणाले.

या खेपेला काकांनी नमस्कार गाळला. माझ्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच. फाइल दुसरीकडे पाठवली असणार, असा अंदाज धरून दोन उपाय लिहिले. एक, ज्या फॉन्टमध्ये लिहिलंय तो फॉन्टच फाइलबरोबर पाठवा आणि तिकडे घालायला सांगा. दोन, सगळ्या अक्षरांचं चित्र करून टाका आणि ती फाइल पाठवा, मग तिकडे फॉन्ट नसला तरी चालेल. आधी पहिला करून पाहा, न झाल्यास दुसरा. मी कशाला थांबते! दोन्ही एकदम केले आणि सगळं एकाच दणक्यात छापखान्याला पाठवून दिलं. पावणेतीनला फोन आला, “दिसतंय ताई, लावतो मशीन.” त्या बापानं टोपी डोक्यावर घातली, मला हात जोडले. मी म्हटलं, “अहो, हे आमचं रोजचंच काम.” आठ हातांवर काका होते, त्यांनी हे ऐकलं आणि माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

मग काकांना काहीतरी आठवलं आणि ते एकदम घाबरेघुबरे झाले. “अगो, मूळची फाइल जपून ठेव म्हणून सांगायचंच रायलं त्याला! अक्षरांचं चित्र केलं की मागं येता येत नाय. तशीच ठेवली असंल तर गेली ना त्याची!” घाईघाईनं त्यांनी आणखी एक पत्र लिहिलं. गरजूकडून उत्तर नाही. पाचच्या गाडीची वेळ झाली तरी उठेनात. मीच उठवलं त्यांना.

पुढच्या मंगळवारी पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, “गरजूचं काय आलं का गो?” त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. मला फक्त एक शब्द लिहायचा होता, ‘चाललं’. नाव खोटं होतं, कुणाला कळणार नव्हतं. पण त्या शब्दाआधी माफी मागायला हवी होती, आणि माफी लिहायला बसले की ‘रिकामटेकडे’ डोळ्यांसमोर यायचं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. प्रत्येक आठवड्यानं ते आणखी जड होत गेलं. शेवटी मी ते खातं उघडणंच सोडून दिलं. असलं भित्रेपण माझ्यात आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

काकांची उत्तरं बदलायला लागली. “बहुधा” आलं, “जाणकारांनी तपासावे” आलं. कुणी काही विचारलं की ते आधी बघत, दुसरा कुणी सांगतोय का. एकदा मावशी माझ्याशी बोलताना म्हणाली, “जेवताना मधेच म्हणतात, मी एकाची फाइल घालवली. कुणाची कसली फाइल, तुला माहिताय का ग?” मी म्हटलं, “नाही बाई.” आणि मग एका मंगळवारी काका आलेच नाहीत. निरोप आला, डोळ्यांना त्रास होतो म्हणून. तीन नंबरवर मी सीडीवर गाणी भरून द्यायचं काम सुरू केलं.

त्यानंतर सात-आठ वर्षं गेली. तो गट ओस पडला, मग बंदच झाला. दुकानात मोबाइलचं रिचार्ज आलं. दिवसभर माणसं माझ्यापुढे फोन आपटून “चालत नाही” म्हणतात, आणि मी त्यांच्यावर खेकसते, “काय चालत नाही? काय करत होतात?” पहिल्यांदा ते माझ्या तोंडून निघालं तेव्हा मीच चपापले होते.

मध्यंतरी एक बाई लेकीला कडेवर घेऊन आली. लग्नाची नोंदणी करायची राहिली होती, त्या कागदांना लग्नपत्रिकेची झेरॉक्स हवी होती. पत्रिका पुढे करून म्हणाली, “तुमीच केली होती ना ताई? बाबा अजून सांगतात, शहापूरच्या ताईनं वाचवलं.” मी पत्रिका उघडली. नवरीचं नाव ठसठशीत, एकही चौकोन नाही. बाईसाठी दोन प्रती काढल्या आणि एक माझ्यासाठी काढली.

रविवारी धसईला गेले. काका ओटीवर वाल सोलत बसले होते. मला बघून म्हणाले, “काय गो, इकडं कुठं?” मी पाणीही न पिता ती प्रत त्यांच्या पुढ्यात ठेवली. “काका, गरजू मी होते. ही ती पत्रिका. रिकामटेकडे मीच लिहिलं. मला माफ करा.”

काकांनी पत्रिका वाचायला घेतली. गणपतीपासून सुरुवात करून सगळ्या आत्या-मामांची नावं, अगदी खालच्या ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत पुरी वाचली. मग म्हणाले, “मूळची फाइल?”

“जपली होती काका. आधीच वेगळी ठेवली होती.”

“गेली नाय ना?”

“नाही.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग उठले, आतून ती चौकटीची वही आणली, चष्मा लावला, पानं उलटत गरजूपाशी आले. शेवटचा रकाना कोरा होता. त्यांनी पेनचं टोपण काढलं. “चाललं,” असं स्वतःशी म्हणत लिहिलं आणि विचारलं, “कशानं?”

मी पत्रिकेची घडी घालायला लागले.

“दोन उपाय सांगितले होते ना मी. कंच्यानं झालं? फॉन्टनं का चित्रानं?”

“दोन्ही एकदम पाठवले होते काका.”

“छापखानेवाल्याला आठवत असंल.”

“तो छापखाना बंद पडला.”

काकांचं पेन तसंच राहिलं. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. एवढी वर्षं मला वाटत होतं, मी त्यांची माफी थकवलीय. त्यांना माफी नकोच होती. त्यांना कशानं चाललं एवढंच हवं होतं, आणि तेच माझ्याकडे नव्हतं. शेवटी त्यांनी सरकारी अक्षरात लिहिलं, ‘कशाने, ते विचारणारीस सांगता आले नाही,’ आणि वही मिटली.

“घाई होती ना तुला तवा,” ते म्हणाले. “पण हाक मारायचीस गो. तुला नसते मी चार प्रश्न विचारले.”

“विचारले असते!” आतून मावशी ओरडली.

काका हसले. मला हसूही येईना आणि रडूही. जेवून निघाले तेव्हा सोललेले वाल पिशवीत घालून देत त्यांनी नेहमीसारखं सांगितलं, “पोचलीस की कळव.” हे ते दरवेळी सांगायचे, आणि मी दरवेळी “हो हो” म्हणून विसरायचे.

त्या दिवशी घराचं कुलूप काढलं, चपलाही न काढता फोन लावला. “काका, पोचले. सरळगावला गाडी लगेच मिळाली. सव्वासहाला शहापुरात होते.” मग त्यांनी फोन हातात धरूनच आतल्या बाजूला हाळी दिली, दुकानात अर्धे उठून द्यायचे तश्शीच, “पोचली, पोचली!” इतकी वर्षं मी त्यांना एवढंही दिलं नव्हतं.